तेरेखोलच्या किल्ल्यात एक रात्र

आज मी तुम्हाला एका हॉटेलात घेऊन जाणार आहे. घाबरू नका, बिल भरायचं नाहीये. ते मागेच भरून झालंय, आणि ते माझ्या सासूबाईंनी भरलंय.

2019 च्या ऑगस्टमधली गोष्ट. सासूबाईंना भिशी लागली. त्या पुण्याच्या मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागात कांदा निवडायला जातात. तिथल्या बायकांचीच भिशी आहे. आम्हाला वाटलं, आता कानातलं करतील. त्या म्हणाल्या, "मला तेरेखोलला जायचंय. किल्ल्यात हॉटेल आहे म्हणे. एक रात्र राहायचंय." आमचे मिस्टर हसले. एका रात्रीचं भाडं म्हणजे आईंची तीन आठवड्यांची मजुरी, तीही पावसाळ्यातला कमी दर धरून. पण आईंनी ठरवलं होतं.

कारण त्यांचे वडील. ते हमाल होते. तेव्हा गुलटेकडीला मार्केट यार्ड नव्हतं. भुसार बाजार नाना पेठेत, भवानी पेठेत भरायचा आणि तिथे ते पोती वाहायचे. 1955 साली पुण्यातून गोव्याला सत्याग्रहींच्या तुकड्या जायला लागल्या, त्यातल्या एका तुकडीबरोबर ते तेरेखोलपर्यंत गेले. बंदुकीच्या दस्त्यांचा मार खाऊन परत आले. उजवा खांदा कायमचा दुखावला. हमालाचा खांदा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. म्हातारपणी ते एवढंच म्हणायचे, "किल्ला पाहिला, पण आत पाय नाही टाकला." ते आईंच्या मनात राहिलं होतं.

आता किल्ला कुठे आहे ते सांगते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या अगदी टोकाला शिरोडा, मग रेडी. तेच शिरोडं, जिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. रेडीच्या पुढे थोड्या अंतरावर तेरेखोल नदी समुद्राला मिळते. नदीच्या पलीकडे केरीचा किनारा, म्हणजे गोवा. पण गंमत अशी की नदीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला, एका टेकडीवर तेरेखोल गाव आणि किल्ला आहे, आणि तेवढा तुकडाही गोव्यातच मोडतो. बाकी सगळा पेडणे तालुका नदीपलीकडे. गोव्यातून यायचं तर फेरीबोटीत बसावं लागतं. आपण मात्र रेडीहून सरळ रस्त्याने जातो. हा नकाशा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हा तुकडा गोव्याकडे गेला कसा? किल्ला मुळात सावंतवाडीच्या भोसल्यांचा. सतराव्या शतकात खेम सावंतांनी तो बांधला. किल्ला लहानच. आपल्या सिंहगडासारखा डोंगरभर पसरलेला नाही. एखादा मोठा वाडा असावा एवढाच. पण जागा मोक्याची. नदीतून आत येणारं-जाणारं प्रत्येक गलबत तटावरून दिसतं. खाडीचं तोंड ज्याच्या ताब्यात, त्याला जकात मिळते आणि शत्रू आधी दिसतो. सावंतांची जहाजं याच नदीत उभी असायची. पोर्तुगिजांना हे शेजारपण डाचत होतं. 1746 साली त्यांच्या व्हाइसरॉयने सावंतांवर मोहीम काढली. आधी हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तेरेखोल. हळर्ण घेतल्याबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला हळर्णच्याच नावाची पदवी दिली. आपल्या एका खेड्याचं नाव तिकडे सरदारांच्या घराण्याला लागलं! बाकीचा पेडणे महाल पोर्तुगिजांकडे जायला 1788 साल उजाडलं. म्हणजे तेरेखोल बेचाळीस वर्षं आधी गेला.

मध्येच एक प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगते. 1835 साली पोर्तुगालने पहिल्यांदाच एका गोवेकराला, डॉ. बेर्नार्दु पेरिश द सिल्वा यांना, गोव्याचा मुख्य अधिकारी नेमलं. गोऱ्यांना ते सहन झालं नाही. सतरा दिवसांत त्यांना खाली खेचलं. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले शिपाई या तेरेखोलच्या किल्ल्यात होते, त्यांची कत्तल झाली. मी ज्या अंगणात चहा प्यायले, तेच हे अंगण. हे मला आधी ठाऊक असतं तर तो चहा घशाखाली उतरला असता की नाही, कोण जाणे.

आम्ही गेलो तेव्हा कोल्हापूर-सांगलीचा महापूर नुकताच ओसरला होता. महामार्गाकडेच्या घरांवर चिखलाच्या रेघा माणसाच्या डोक्याच्या वर होत्या. यार्डातली आवक थंडावली होती, म्हणूनच आईंना सुट्टी घेता आली. आंबोलीच्या घाटातून सावंतवाडी, तिथून एसटीने शिरोडा आणि रेडी, पुढे रिक्षा. मुलगा वाटेत दोनदा ओकला.

किल्ल्याच्या दारातून आत गेलं की मधोमध अंगण, अंगणात सेंट अँथनीचं पांढरंशुभ्र चर्च. ते एरवी बंद असतं, गावच्या फेस्ताला उघडतात. भोवती जांभ्या दगडाचा तट, आणि तटाला लागून खोल्या. फक्त सात. नंबर नाहीत, वारांची नावं. सोमवार, मंगळवार, अशी. आम्हाला मिळाली शुक्रवार. आई म्हणाल्या, "घ्या, इथेही शुक्रवारच!" यार्ड शनिवारी बंद असतं, त्यामुळे शुक्रवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. चाळीस वर्षांत ज्या वारी त्यांना बसायला मिळालं नाही, त्या वाराच्या खोलीत त्या पलंगावर मांडी घालून बसल्या. पांढरी चादर मळेल म्हणून आधी आपला टॉवेल अंथरला.

खिडकीतून खाली नदी, समोर केरीची वाळू, उजवीकडे नुसता समुद्र. पाऊस आडवा येत होता. चांदीच्या रंगाची भांडी, मेणबत्त्या, मासे केळीच्या पानात. मुलांची मजा झाली. मला मात्र सारखं वाटत होतं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आईंनी खोलीत पाणी घेऊन आलेल्या मुलाला विचारलं, "बाळा, झेंडा कुठे लावला होता रे?" मुलगा रेडीचाच. त्याने तटावर हात दाखवला. "वर. माझ्या पणज्याने गोळ्यांचा आवाज ऐकलाय."

तो झेंडा 15 ऑगस्ट 1954 चा. भारत स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली होती, पण गोवा पोर्तुगिजांकडेच होता. त्या दिवशी तीन तुकड्या तीन वाटांनी गोव्यात शिरल्या. भारत सरकारने तेव्हा फक्त गोवेकरांनाच सीमा ओलांडू दिली होती. तेरेखोलच्या तुकडीचे पुढारी आल्फ्रेड आफोन्सो. धर्माने ख्रिस्ती. हे मुद्दाम सांगते, कारण पोर्तुगीज जगाला सांगत होते की गोव्यातल्या ख्रिस्ती माणसांना आम्हीच हवे आहोत. या मूठभर माणसांनी किल्ल्यावर तिरंगा चढवला. दुसऱ्या दिवशी पकडले गेले. पण एक रात्र, मैत्रिणींनो, हा किल्ला स्वतंत्र होता. गोवा मुक्त व्हायच्या सात वर्षं आधी.

आता तो नकाशा आठवा. हे जमलं त्यात जागेचाही वाटा असणार. नदी आडवी नव्हती. गोव्याचा हा एकच तुकडा अलीकडे, आपल्या बाजूला, चालत पोहोचता येईल असा. सावंतांना जी जागा समुद्रावर नजर ठेवायला सोयीची, ती पोर्तुगिजांना जमिनीकडून सांभाळायला अवघड गेली असेल, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

पुढच्या वर्षी सगळा देश उतरला. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती होती. 18 मे 1955 ला पहिली मोठी तुकडी गेली, नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तिच्यात होते. बापट तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्याच्याही आधी, 6 एप्रिलला, पुण्याहून गेलेल्या सुधाताई जोशी म्हापशाला भर रस्त्यात सभेच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि भाषण वाचायला लागल्या. लगेच अटक. पुढची काही वर्षं गोव्याच्या तुरुंगात गेली. महादेवशास्त्री जोशी, ज्यांनी भारतीय संस्कृतिकोश केला, त्यांच्या त्या पत्नी. संस्कृतिकोशाचं नाव पुष्कळांना माहीत असतं. सुधाताईंचं मी बी. ए. ला इतिहास घेऊनही ऐकलं नव्हतं.

15 ऑगस्ट 1955 ला हजारो निःशस्त्र माणसं एकाच दिवशी सीमा ओलांडून गेली आणि पोर्तुगिजांनी गोळीबार केला. वीसहून जास्त माणसं मेली. पनवेलचे हिरवे गुरुजी तेरेखोलला गेले. आईंचे वडील त्या आठवड्यात याच टेकडीच्या पायथ्याशी होते. ऑगस्टचा पाऊस, निसरडा जांभा, अंगावर काही नाही, हातात काठीसुद्धा नाही. आम्ही रिक्षातून वर आलो तरी माझी चप्पल दोनदा घसरली होती. आई तटापाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, आत चला, भिजाल. त्या म्हणाल्या, "तू जा. मी जरा थांबते." अंधार पडेपर्यंत थांबल्या. रडल्या वगैरे नाहीत. रात्री एवढंच म्हणाल्या, "आबांना इथला पलंग मऊ लागला नसता."

गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला. लष्कर आलं, दीड दिवसात संपलं. किल्ल्याला काम उरलं नाही, आणि बिनकामाच्या इमारतीचं काय होतं ते आपण गावोगाव बघतो. तेरेखोलचं हॉटेल झालं.

आम्ही परत आलो आणि पुढच्याच महिन्यात बातमी आली, महाराष्ट्र सरकार पंचवीस किल्ले हॉटेलं करायला भाड्याने देणार. केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. लग्नं लावणार, दारू पाजणार, असं सगळीकडे चाललं होतं. शिवरायांच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असं सरकारने सांगितलं. गटाच्या बैठकीत बायकांनी मला विचारलं, तुम्ही तर राहून आलात, तुमचं काय म्हणणं?

माझं म्हणणं सरळ नव्हतं, आजही नाही. तेरेखोलच्या खोलीत गळत नव्हतं. कौलं नीट, भिंती कोरड्या. शेजारी रेडीला यशवंतगड आहे, तिथे कित्येक वर्षं झाडांची मुळं भिंती फोडत होती. राखायला पैसा लागतो, आणि पाहुणा तो देतो. पण त्या हॉटेलात मला कुणी आपणहून आल्फ्रेड आफोन्सोंचं नाव सांगितलं नाही. आईंनी विचारलं नसतं तर आम्ही मासे खाऊन, समुद्र बघून परत आलो असतो. भिंत राखली आणि गोष्ट गळून गेली, तर राखलं काय? आणि एका रात्रीचं भाडं तीन आठवड्यांच्या मजुरीइतकं असेल, तर ज्यांनी खांदे मोडून घेतले त्यांच्या लेकी आत कशा येणार? सगळ्यांनाच भिशी लागत नाही. भाड्याने द्यायचाच असेल तर करारात दोन ओळी घाला, एवढं मी बैठकीत म्हटलं. दिवसा दार सगळ्यांना उघडं राहील. आणि दारात मराठीत, कोकणीत सगळी हकिकत लिहिलेली असेल, मोठ्या अक्षरात.

आईंना हे फारसं पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, किल्ल्यात कुणीतरी राहतंय, दिवा लागतोय, ते बरं. रिकामा असता तर आबांना जास्त वाईट वाटलं असतं.

यंदा पुन्हा त्यांची भिशी लागली. आता त्यांना आग्वादचा तुरुंग बघायचाय. नानासाहेब गोऱ्यांना तिथे ठेवलं होतं. तिथे आता संग्रहालय झालंय, आणि त्याच किल्ल्याच्या तटाला लागून समुद्रावर एक मोठं पंचतारांकित हॉटेल आहे. मी विचारलं, मुक्काम कुठे करायचा? त्या म्हणाल्या, "म्हापशाला. सुधाताई जिथे उभ्या राहिल्या तिथे जवळ एखादी लॉज बघ."