कराची किती लांब?

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि आपल्या महापेच्या गप्पांत विमान शिरलं. म्हणून आज एक प्रश्न. मुंबईहून दिल्ली लांब की कराची? बहुतेक जणी कराची म्हणतील. परदेशच तो! पण आकाशातून दिल्ली साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास, आणि कराची नऊशेसुद्धा भरत नाही. जेट विमानाला दीड-पावणेदोन तासांचं काम.

आपल्याकडची टपालाची विमानसेवा याच वाटेवर सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा छोट्याशा पस मॉथ विमानात पत्रांच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. विलायतेची टपाल तेव्हा विमानाने कराचीपर्यंतच यायची. वाटेत अहमदाबादला थांबले, तिथे विमानाचं इंधन चक्क बैलगाडीतून आलं! दुपारी जुहूला उतरले. जुहूला धड धावपट्टी नव्हती, नुसती सपाट जमीन. पावसाळ्यात तीही पाण्याखाली, मग विमानं पुण्याला न्यायची.

तेव्हा कराची परकी नव्हतीच. १८४७ ते १९३६ सिंध मुंबई इलाख्यातच होता. कितीतरी मराठी माणसं तिकडे नोकरीला होती. कराचीतली एक जुनी नामांकित शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने चालते.

१९४७ ला फाळणी झाली. सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरली. कित्येकींनी घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, चार दिवसांत परत येऊ म्हणून. त्यांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत ठेवलं. तेच आजचं उल्हासनगर, आपल्या शिळफाट्यावरून पुढे.

अंतर तेच राहिलं, वाट मात्र बदलत गेली. १९७१ च्या युद्धात दोन्ही देशांतली विमानं बंद पडली, ती १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९९४ मध्ये कराचीतली भारताची कचेरी बंद झाली. म्हणजे कराचीच्या बाईला मुंबईच्या बहिणीकडे यायचं तर व्हिसासाठी इस्लामाबादकडेच बघावं लागायचं, जे मुंबईपेक्षाही लांब! एप्रिल २०२५ पासून तर एकमेकांच्या विमानांना आकाशच बंद केलं. आता जायचं तर दुबईवरून, तीन हजार किलोमीटरांचा वळसा. ज्याच्याकडे पैसा आणि व्हिसा आहे, त्याची ही गोष्ट.

पालघर-डहाणूकडच्या कोळणींचं काय? त्यांची माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात कुठे रेघ आखलेली असते का? पकडली गेली की कराचीच्या तुरुंगात. सुटली की कराचीहून रेल्वेने लाहोर, वाघा सीमा, अमृतसर आणि मग पार खाली घरी. इथेही तीन हजार किलोमीटर, आणि तेही सुटका झाली तर.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा संपली आणि माणूस कुठला याची खातरजमा झाली, की महिन्याभरात सोडायचं, असंही त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात कित्येकांची वर्षं जातात. तोवर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायचं, आणि मुलांना बाप कुठे आहे ते सांगत राहायचं, हे तिच्याकडेच.