ग्रिट, कोंबडीच्या पिल्लांसाठी

ग्रिट : पेषणीत दाणा भरडला जावा म्हणून कोंबडीच्या पिल्लांना देतात ते बारीक, कठीण, आम्लात न विरघळणारे खडे. ग्रॅनाइट किंवा गारगोटी फोडून ते तयार करतात. नदीची जाड रेतीही चालते. ग्रिटमधून पिल्लाला पोषण मिळत नाही. त्याचे काम दातांचे आहे. म्हणून ते द्यायचे की नाही, हे पिल्लाच्या वयापेक्षा त्याच्यापुढे कोणते खाद्य टाकले आहे यावर ठरते.

कार्य : कोंबडीला दात नसतात. टिपलेला दाणा आधी गळ्याच्या तळाशी अन्नपुटात साठतो आणि भिजतो. पुढे ग्रंथिल जठरात त्यात आम्ल व पाचक रस मिसळतात आणि मग तो पेषणीत उतरतो. चिकनच्या दुकानात कलेजीसोबत मिळणारा ‘पेटा’ तो हाच अवयव. त्याचे जाड स्नायू मिनिटाला साधारण दोन ते चार वेळा आकुंचन पावतात आणि आतले अस्तर चिवट, खरखरीत असते. टाकी लावलेले जाते जसे चांगले दळते, तशी खडे असलेली पेषणी अख्खा दाणा चांगला भरडते.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७५२ मध्ये पक्ष्यांच्या पचनावरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेषणीच्या दाबाने धातूच्या नळ्याही चेपतात, हे त्यांना दिसले. इटलीचे स्पालान्त्सानी (१७२९–९९) यांनी हे काम पुढे नेले. पेषणीतील खडे तेथे विशेष हेतूविना पोचतात, असे त्यांचे मत होते. केवळ स्नायूंच्या बळावरही पेषणी बरेच दळते, एवढे त्यात तथ्य आहे. मात्र कठीण, अख्ख्या दाण्यासाठी खड्यांची मदत मोलाची ठरते.

केव्हा द्यावे : अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस तगते. त्यानंतर केवळ तयार ‘चिक स्टार्टर’ मिळत असेल, तर ग्रिट लागत नाही. ते खाद्य आधीच दळलेले असते आणि ओलाव्याने विरघळते. तांदळाची कणी, मक्याचा भरडा, ज्वारी-बाजरी, चिरलेला पाला किंवा किडे देऊ लागताच ग्रिट ठेवावे. पहिल्या दिवशी मात्र ठेवू नये. खाद्य कोणते आणि खडा कोणता हे पिल्लाला अजून कळत नाही, आणि भुकेले पिल्लू वाळूनेच अन्नपुट भरून घेऊ शकते. आधी ते खाद्य नीट टिपू लागले पाहिजे.

परसात आईमागे फिरणारी पिल्ले माती उकरून आपल्यापुरते खडे स्वतःच टिपतात. फरशी, जाळी किंवा भाताच्या तुसावर कोंडलेल्या पिल्लांना ही सोय नसते. पेषणीत दळण नीट झाले नाही, तर पाल्याच्या तंतूंचे गोळे अडकून पचनमार्ग तुंबण्याचा धोका असतो.

आकार व पद्धत : लहान पिल्लांना सुमारे १ ते २ मिमी.चे, वाढत्या पिल्लांना २ ते ४ मिमी.चे आणि मोठ्या कोंबड्यांना ४ ते ६ मिमी.चे खडे योग्य ठरतात. पिठासारखी भुकटी पेषणीत टिकत नाही, तर मोठा खडा लहान पिल्लाला गिळता येत नाही. रेती चाळून, धुऊन, वाळवून घ्यावी. समुद्रकाठच्या वाळूत मीठ असते आणि जादा मीठ पिल्लांना घातक ठरते, म्हणून ती टाळावी. बांधकामावरची सिमेंट-चुना मिसळलेली वाळूही वापरू नये. ग्रिट खाद्यात न मिसळता वेगळ्या उथळ भांड्यात ठेवावे; पिल्ले गरजेपुरते घेतात. भांडे विष्ठेने घाण होणार नाही, अशा जागी असावे. खडे पेषणीत बराच काळ राहतात, त्यामुळे एखादा दिवस भांडे रिकामे राहिल्याने बिघडत नाही.

शिंपल्याचा भुगा : ग्रिट आणि शिंपल्याचा भुगा यांची गल्लत करणे पिल्लांच्या जिवावर बेतू शकते. शिंपला व चुनखडी आम्लात विरघळतात. त्यांचा उपयोग अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम पुरवण्यापुरता आहे. पिल्लांच्या खाद्यात सुमारे १ टक्का कॅल्शियम पुरते, तर अंडी देणाऱ्या कोंबडीला ३.५ ते ४ टक्के लागते. हे मोठ्या कोंबडीचे प्रमाण पिल्लांना दिले, तर त्यांची मूत्रपिंडे बिघडतात आणि गाउट होऊन ती दगावतात. म्हणून शिंपल्याचा भुगा अंडी सुरू होण्याच्या सुमारासच द्यावा. ओळखायला सोपी खूण अशी : थोड्या नमुन्यावर लिंबाचा रस पिळावा. शिंपल्याच्या भुग्यावर बुडबुडे येतात, गारगोटीच्या खड्यांवर येत नाहीत.