पाळणाघराचा कायदा आणि थोरली बहीण

मूल सांभाळणे ही घरातली बाब, तिचा इतिहास तो काय असणार, असे आपले इतिहासकार समजत आले. परंतु मूल कोणी सांभाळायचे आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न श्रमाच्या आणि जातीच्या इतिहासातला आहे. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी तो नेमक्या जागी नेऊन ठेवला. स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो, तेव्हा तिच्या विश्रांतीचा भार त्यानेही उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये तो कायदा झाला. पुढे 1942 ते 1946 या काळात ते मजूरमंत्री असताना खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1946 मध्ये खाणींवरील पाळणाघरांचे नियम आले.

हा पहिला प्रकार : मालकाने चालवायचे पाळणाघर. 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर त्याची सक्ती केली. 1976 मध्ये हा आकडा तीसवर आला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पन्नास कामगारांचे माप लावले. दुसरा प्रकार अंगणवाडी. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तिसरा प्रकार मजुरीच्या कामावरचा. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तर एका बाईला ती सांभाळायला बसवून मजुरी द्यावी, असे ठरवले. मूल सांभाळणे हेही मजुरीचे काम आहे, हे यात मान्य झाले. ही गोष्ट लहान नव्हे. चौथा प्रकार शहरातल्या खाजगी पाळणाघरांचा. तो पैसे मोजणाऱ्यांसाठी आहे.

आता कड्यात उभे राहून या इतिहासाकडे पाहू. आष्टी तालुक्यातली माणसे दिवाळीच्या आसपास टोळ्या करून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून, ऊस कारखान्याचा, फड तिसऱ्याच शेतकऱ्याचा. मग या बाईचा मालक कोण? कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव नाही. म्हणजे तिच्या तोडलेल्या उसाची साखर होते, पण पन्नास किंवा तीस स्त्रियांच्या मोजणीत ती येत नाही. गावातली अंगणवाडी गावातच राहते आणि मूल पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर, कोपीत. तळाजवळ अंगणवाडी असली तरी ती काही तास उघडते. कोयता मात्र पहाटेच फडाला लागतो.

मग ते मूल कोण सांभाळते? आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. तिला नोंदणी नाही, मजुरी नाही, सुट्टी नाही. मला माझ्या थोरल्या बहिणीने कडेवर वाढवले. घरातला पहिला पदवीधर मी झालो, ती आजही अंगठा उठवते. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या पुरुषांनी आपल्या पदवीमागे कोणाची पाटी फुटली, हे एकदा मोजून पाहावे. आपली आत्मचरित्रे आईच्या कष्टांबद्दल पुष्कळ बोलली. त्या बहिणीचा हिशेब मात्र बाकी आहे.

निवडीचा प्रश्न याच ठिकाणी येतो. आपल्या बायांनी आता पाळणाघर किंवा अंगणवाडी निवडताना काय पाहावे? भिंतीवरची चित्रे नंतर पाहावीत. आधी विचारावे : उघडण्याची वेळ आमच्या कामाच्या वेळेशी जुळते का? एका बाईकडे किती मुले? मूल आजारी पडले तर जबाबदारी कोणाची, आणि ती कागदावर आहे का? अंगणवाडी कोणत्या आळीत भरते, तिथे आमचे मूल पंगतीत कुठे बसते, आणि आमच्या बाईच्या हातचा खाऊ सगळी मुले खातात का? हा शेवटचा प्रश्न कोणत्याही तपासणीच्या तक्त्यात नसतो. तो आपणच विचारायचा आहे, कारण बोर्डीची अंगणवाडी वस्तीच्या अंगणातच सुरू झाली होती.

पण जिथे निवडायला काहीच नाही तिथे निवडीची भाषा ही थट्टा होते. म्हणून मागणी स्पष्ट असावी. मोजणी हजेरीपटावरून नको, तळावर उतरलेल्या कोयत्यांवरून व्हावी. पाळणाघर फडाच्या वेळेला उघडावे, त्याचा खर्च साखरेच्या हिशेबात धरावा, आणि सांभाळणाऱ्या बाईला पूर्ण मजुरी मिळावी. कायद्याने मजूर स्त्रीचे मूल 1929 पासून हळूहळू ओळखले. फडातली ती नऊ वर्षांची मुलगी त्याने अजून ओळखलेली नाही. ती शाळेत बसेल त्या दिवशीच पाळणाघराचा कायदा आपल्यापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.