सार्जंट स्टॅन्लीचा दावा

अंमली पदार्थांच्या कायद्यातलं ६९ वं कलम वाचलं की मला जेम्स स्टॅन्ली आठवतो. साताऱ्याच्या कोर्टात मी या कायद्याखालच्या केसेस अनेक वर्षं चालवल्या. पंचनामा, मुद्देमालाचं सील, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल यांवर तासन्‌तास उलटतपास चालतो. ६९ व्या कलमापर्यंत फारसं कुणी पोचत नाही. सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल सरकारवर किंवा अधिकाऱ्यावर दावा वा खटला चालणार नाही, एवढंच ते सांगतं. असं संरक्षण कुठवर ताणलं जाऊ शकतं, हे स्टॅन्लीच्या प्रकरणात दिसतं.

स्टॅन्ली अमेरिकी लष्करात सार्जंट होता, केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला. रासायनिक युद्धात वापरायचे संरक्षक कपडे आणि साधनं तपासायची आहेत, असं सांगून १९५८ च्या फेब्रुवारीत स्वयंसेवक मागवले गेले. तो आपणहून पुढे आला आणि मेरिलँडमधल्या अॅबर्डीनच्या तळावर गेला. तिथे त्या महिन्यात चार वेळा त्याला न सांगता एलएसडी देण्यात आलं. त्यानंतर भास, असंबद्ध बोलणं, विस्मरण सुरू झालं. रात्री उठून तो विनाकारण बायकोमुलांना मारहाण करी आणि सकाळी त्यातलं काहीच त्याला आठवत नसे. १९६९ मध्ये लष्करातून बाहेर पडला, वर्षभरात संसार मोडला. आपल्याला काय झालंय, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं १९७५ च्या डिसेंबरात, लष्कराच्याच पत्रातून. १९५८ च्या प्रयोगांत भाग घेतलेल्या ‘स्वयंसेवकां’वर एलएसडीचे दीर्घकालीन परिणाम काय झाले, याचा अभ्यास चालू आहे, तरी सहकार्य करावं, अशी त्यात विनंती होती. हे पत्र हातात घेऊन बसलेल्या माणसाची कल्पना मला आजही सहन होत नाही.

त्याने सरकारवर दावा लावला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या चुकीबद्दल भरपाई मागण्याची मुभा तिथे १९४६ च्या कायद्याने दिली होती. पण १९५० मध्ये फेरेस खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकलं की, सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा करता येणार नाही. ही पळवाट न्यायालयानेच तयार केली, कायद्यात ती लिहिलेली नव्हती. स्टॅन्लीने मग अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः दावा मागितला. २५ जून १९८७ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तोही दरवाजा बंद झाला. अशा दाव्यांनी लष्करी शिस्तीत कोर्टाचा हस्तक्षेप होईल, असं बहुमताचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी भिन्न मतात न्यूरेंबर्गची आठवण करून दिली: माणसाच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग करायचा नाही, हा दंडक नाझी डॉक्टरांना शिक्षा देताना अमेरिकी न्यायाधीशांनीच घालून दिला होता. मला ते मत सर्वस्वी पटतं. फसवून विष पाजण्यात कसली आली शिस्त!

दरम्यान १९७० च्या कायद्याने एलएसडी सर्वांत कडक परिशिष्टात गेलं होतं. नागरिकाने बाळगलं तर गुन्हा. आपल्याकडेही ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. स्टॅन्लीला अखेर काँग्रेसने १९९४ मध्ये त्याच्यापुरता खास कायदा केल्यावर, लवादामार्फत, चार लाखांहून थोडे अधिक डॉलर मिळाले. हक्क म्हणून कोर्टाकडून काहीही मिळालं नाही.

आता आपल्याकडे या. १९४७ च्या सप्टेंबरात मेरठ पोलिसांनी कस्तुरीलाल रलिया राम जैन या अमृतसरच्या पेढीचा भागीदार रलिया राम याला अडवलं आणि त्याचं १०३ तोळ्यांहून अधिक सोनं मालखान्यात ठेवलं. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा निष्काळजीपणा सुप्रीम कोर्टाने मान्य केला. तरी अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार असल्याने राज्य भरपाईला बांधील नाही, असं ठरलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, आमच्या साताऱ्यात जन्मलेल्या. पण त्यांना स्वतःलाच हा कायदा अस्वस्थ करत होता. इंग्लंडने १९४७ मध्येच राजसत्तेवर दावा करण्याची वाट मोकळी केली, आपल्या विधिमंडळांनीही तसा विचार करावा, असं त्यांनी निकालातच सुचवलं. त्याआधी १९५६ मध्ये विधी आयोगाच्या पहिल्याच अहवालाने तेच मागितलं होतं. १९६५ आणि १९६७ मध्ये संसदेत विधेयकं आली, पण एकाचाही कायदा झाला नाही. पुढे रुदुल साह आणि निलाबती बेहरा या निकालांनी मूलभूत हक्क पायदळी तुडवले गेल्यास भरपाईची वाट काढली, पण ती प्रकरणागणिक, रिट याचिकेतून. जप्तीचा माल गहाळ झाला, चुकीच्या छाप्यात कुणाचं दुकान बसलं, तर राज्य नेमकं कधी देणं लागतं, हे सांगणारा कायदा आजही नाही. अधिकाऱ्याला प्रामाणिक चुकीसाठी तुरुंगाची भीती नसावी, हे मला मान्य आहे. पण नुकसान सोसलेल्या माणसाचं देणं राज्याने चुकवलंच पाहिजे. गजेंद्रगडकरांनी सुचवलेला तो कायदा आता आपण आपल्या खासदारांकडे मागूया.