दहाव्या क्रमांकाचा फलंदाज

व्यावसायिक खेळाडू म्हटला की आज डोळ्यांपुढे लिलावातील कोटींचे आकडे उभे राहतात. खेळाच्या बळावर संसार चालणे ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीलाही अपरिचित नव्हती. मात्र तो मार्ग संस्थानिकांच्या दरबारातून जात असे. १८९५ साली नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून इंदूरला गेले आणि होळकरांच्या फौजेत कर्नल झाले. पुढे १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे नेतृत्व त्यांनीच केले.

नायडूंचे नाव आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्याच नेतृत्वाखाली होळकर संघातून खेळलेल्या चंदू सरवटे यांचे नाव मात्र आपल्या मंडळींच्या बैठकीतही क्वचितच निघते. हे आम्हांस खटकते, कारण सरवटे आपल्यापैकीच होते.

त्यांचा जन्म २२ जुलै १९२० रोजी सागर येथे झाला. सागर हे गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून मराठी वस्तीचे गाव. १९५६ पर्यंत सागर काय आणि आपले बालाघाट काय, दोहोंचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. सरवटे रणजी सामन्यांत प्रथम उतरले तेही मध्य प्रांत व वऱ्हाड या आपल्याच प्रांताच्या संघाकडून.

त्यांच्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग १९४६ च्या मे महिन्यातला. लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले होते. दहाव्या क्रमांकावर सरवटे आणि अकराव्या क्रमांकावर शुटे बॅनर्जी. डाव आता आटोपलाच, असे कोणासही वाटावे. परंतु या जोडीने २४९ धावांची भर घातली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१! दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही एकाच डावात शतक करण्याचा हा प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील पहिलाच प्रसंग. तो पुन्हा घडण्यास तब्बल ७८ वर्षे लागली. २०२४ मध्ये मुंबईच्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी बडोद्याविरुद्ध तसाच पराक्रम केला. मात्र त्यांची भागीदारी २३२ धावांची झाली.

कसोटीच्या हिशेबात सरवटे यांच्या खात्यावर ९ सामने, २०८ धावा आणि अवघे ३ बळी आहेत. एवढ्यावरून निकाल द्यायचा तर माणूस सामान्य ठरतो. परंतु प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी सात हजारांहून अधिक धावा केल्या आणि जवळजवळ ५०० गडी बाद केले. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजीची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. त्या वैभवात सरवटे यांच्या अष्टपैलू खेळाचा वाटा मोठा होता.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि राजाश्रयाचे ते युग मावळले. सरवटे यांनी कायद्याची पदवी घेतली होती. बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणूनही त्यांचा लौकिक होता. आयुष्यभर शासकीय वेतनावर जगलेल्या आमच्यासारख्यांना यातले शहाणपण चटकन उमगते. मैदानावरचे हात थकले तरी माणसाने रिकाम्या हाती राहू नये. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर गेले. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांत ते एक होते. २००३ च्या डिसेंबरात इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

जून २०२२ मध्ये बेंगळुरू येथे मध्य प्रदेशाने मुंबईला नमवून प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हा होळकरांच्या १९५२-५३ मधील अखेरच्या विजयाची आठवण पुष्कळांनी काढली. तो विजय पाहण्यास सरवटे नव्हते.

आपले पूर्वज या मुलखात आले तेही पहिल्या क्रमांकाचे मानकरी म्हणून नव्हे. कारकुनी, वकिली, शिक्षकी अशी मिळेल ती जागा धरून त्यांनी डाव सावरला. सागरच्या या सुपुत्राने ओव्हलवर त्याहून वेगळे काय केले? नातवंडांना नायडूंची गोष्ट आपण सांगतोच. तिच्या जोडीला दहाव्या क्रमांकाच्या या फलंदाजाचीही सांगावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.