खोपोली ते खंडाळा : बोरघाटाची वाट कोणाची?

१/ जुन्या मुंबई-पुणे मार्गाने खोपोलीहून खंडाळ्याकडे निघालेली गाडी वळणावळणाने बोरघाट चढते. प्रवाशांचे लक्ष दरीकडे असते. इतिहास मात्र रस्त्याच्या कडेला उभा आहे. #इतिहास

२/ प्रारंभ पायथ्यापासून. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचे मंदिर नाना फडणवीसांनी बांधविले. पुण्याहून कोकणात उतरण्याची ही मोक्याची वाट होती.

३/ १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना गादीवर बसविण्यासाठी इंग्रज फौज तोफांसह हाच घाट चढली. मराठ्यांनी तिची रसद तोडली. माघार घेताना अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकाव्या लागल्या आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला फौज शरण आली. घाट चढणे एक, परतीची वाट राखणे दुसरे!

४/ १८१८ मध्ये पेशवाई संपली. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी गाडीरस्ता खुला केला. पूर्वी बैलांच्या पाठीवरून जाणारा माल आता बैलगाडीने घाटमाथ्यावर पोहोचू लागला. १८६३ मध्ये आगगाडीही घाट चढली.

५/ त्याच १८३० सालचा दगडी पूल पुढे जाहिरातीच्या फलकामुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेला. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तो स्फोटाने पाडण्यात आला.

६/ याच घाटात शिंगरोबाचे मंदिर आहे. दंतकथा अशी : शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखविली. बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. कोणी ही कथा रस्त्याशी जोडतात, कोणी लोहमार्गाशी.

७/ ही मौखिक परंपरा आहे. तिला दस्तऐवज समजू नये. तथापि ती निरर्थकही नाही. मेंढरे घेऊन कोकण आणि देश यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या धनगरांना या डोंगरवाटा अभियंत्यांच्या आधीपासून ठाऊक होत्या. वाटेचे श्रेय कोणाचे, या प्रश्नाला लोकांनी कथेतून दिलेले हे उत्तर आहे.

८/ माल्कमचे नाव ग्रंथांत राहिले. त्याच्या काळचा पूल गेला. शिंगरोबाचे नाव मात्र वाहनचालकांनी राखले. आजही घाट चढताना अनेक चालक मंदिरापाशी वेग कमी करतात आणि एक नाणे टाकून पुढे जातात.