येणारे टपाल, जाणारे टपाल

दाराला टपालपेटी लावायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच न्यायाने स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालवणारी हौशी मंडळी आजही आहेत. मात्र त्यांतले पुष्कळजण येणारे टपाल एका मार्गाने घेतात आणि जाणारे दुसऱ्याच कंपनीच्या हवाली करतात. एकाच कामाच्या अशा दोन वाटा का झाल्या? उत्तर तंत्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी 'एसएमटीपी' ही नियमावली प्रसिद्ध केली. टपाल देताघेताना दोन यंत्रांनी काय बोलायचे, ते तीत ठरवले आहे. पाठवणारे यंत्र सांगते : पत्र अमक्याकडून आहे, तमक्याला द्यायचे आहे. घेणारे 'बरे' म्हणते. अमका खरोखर अमकाच आहे का, हे कोणी विचारत नाही. शिवाय कोणाचेही पत्र घेऊन पुढे पोचवणे हा तेव्हा शेजारधर्मच होता. एसटीच्या कंडक्टरकडे पुढच्या गावचे पाकीट द्यावे, तसा. यासाठी पोस्टेल यांना भाबडे ठरवणे आम्हांला अन्यायाचे वाटते. वापरणारे मोजके होते आणि पत्र पोचते की नाही, हीच खरी चिंता होती.

जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी 'एमएक्स' नोंदीची रीत मांडली. इंटरनेटच्या नावांच्या नोंदवहीत कोणीही लिहावे : आमचे टपाल या यंत्राकडे द्या; ते बंद असेल तर त्या. घेण्याचा प्रश्न मिटला. पण 'आमच्या नावाचे पत्र एवढ्याच यंत्रांतून निघते' अशी उलट नोंद नव्हती. 'एसपीएफ' नावाने ती नियमावलीच्या रूपात आली २००६ साली, आणि तीही प्रायोगिक म्हणून! मधल्या वीस वर्षांतच सगळा गोंधळ झाला.

१९९०च्या दशकात जाहिरातबाजांनी शेजारधर्माचा फायदा उठवला. परक्या सर्व्हरला एक पत्र आणि हजारो पत्ते द्यायचे, की वाटपाचा भार त्याच्या माथी. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी त्रासदायक आयपी पत्त्यांची काळी यादी चालू केली. डिसेंबर १९९८ मध्ये वापरणाऱ्याने आपले पत्र सर्व्हरकडे सोपवण्यासाठी ५८७ क्रमांकाचे वेगळे दार, म्हणजे पोर्ट, ठरले. सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते २५ क्रमांकाच्या दाराने. घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारे हे दार पुढे अनेक इंटरनेट कंपन्यांनी बंदच केले.

हौशी माणूस अडतो तो येथे. पत्र घ्यायला एमएक्स नोंद आणि चालू यंत्र पुरते. पाठवायला पत लागते, आणि नव्या आयपी पत्त्याला ती नसते. मग तो पत असलेल्या कंपनीकडे ५८७च्या दाराने पत्र सोपवतो आणि आपल्या एसपीएफ नोंदीत तिच्या यंत्रांचा उल्लेख करतो. अशी काही ओळख पटवणे गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून सर्वच पाठवणाऱ्यांना सक्तीचे केले आहे.

हा प्रवास वर्गात दाखवता येतो. कोणत्याही ई-मेलचा संपूर्ण शीर्षभाग उघडावा. वाटेतले प्रत्येक यंत्र आपला शिक्का आधीच्या शिक्क्याच्या वर मारते, म्हणून वाचन खालून वर करायचे. खालचे शिक्के खोटे असू शकतात. खात्रीचा तो आपल्याच सर्व्हरने मारलेला, सर्वांत वरचा.